घरच्या अंगणात उभी राहिलेली इटालियन गाडी

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करआकारणी, धर्मादाय निधी किंवा दिवंगत सभासदांचे गुणस्मरण ह्या विषयांवर लेख यावेत, हे रीतीस धरूनच आहे. अशा पानांत एखाद्या कापडव्यापाऱ्याने मोटारगाडीच्या इंजिनाबद्दल लिहावे हे काही वाचकांस विचित्र वाटेल. तथापि गेल्या सोळा महिन्यांतील बहुतेक सर्व रविवार मी ज्या उद्योगात घालविले, त्यातून माल, मोल, सचोटी आणि हव्यास ह्या आपल्या नित्याच्या विषयांसंबंधीच मला काही शिकावयास मिळाले. संपादक मंडळाने आग्रह केला, म्हणून ते येथे निवेदन करीत आहे.

फियाट ह्या इटालियन गाडीचा आणि आपल्या समाजाचा संबंध मुळीच नवा नाही. सोलापूरच्या जैन घराण्यात 1882 मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ करून जहाज, विमान आणि मोटार ह्या तिन्ही उद्योगांत पाऊल टाकले. 1919 मध्ये सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज निघाले आणि 1940 च्या अखेरीस म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळुरास विमानांचा कारखाना स्थापन झाला. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्या व मालमोटारी जुळविल्या जात. पुढे फियाटशी करार होऊन पन्नाशीच्या दशकात छोटी फियाट व नंतर 'अकराशे' तेथून बाहेर पडू लागली. शेठजी 1953 मध्ये निवर्तले, परंतु ती अकराशे पुढे 'पद्मिनी' ह्या नावाने जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत देशभर धावत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून तिने निरोप घेतला तो 2023 च्या ऑक्टोबरात.

आमच्या वडिलांची गाडी हीच होती. दुर्गदबैलच्या गर्दीतून वाट काढीत ती दुकानापाशी येई, आणि दिवाळीच्या आधी तिच्या मागच्या आसनावर माणसांऐवजी कापडाचे तागे बसत. तिचा बॉनेट उघडून वडील स्वतः कार्बोरेटर साफ करीत. दुकानातील नोकरांस हे आवडत नसे, कारण मालकाचे हात काळे झाले की त्या दिवशी ताग्यास हात लावण्याची त्यांस बंदी असे आणि सगळे दाखविण्याचे काम नोकरांवर पडे. 'जे वापरतो ते उघडून पाहिलेले असावे' असे वडील म्हणत. ते वचन ते हिशेबाच्या वह्यांनाही लावीत.

ह्या साध्या अकराशेच्या पोटी एक अद्भुत वंश जन्मास आला होता, हे मला फार उशिरा समजले. इटलीतील तुरीन शहरी पिएरो दूसिओ नावाचे गृहस्थ होते. कापडाच्या व्यापारात त्यांनी उदंड पैसा मिळविला होता आणि मोटारशर्यतींचा त्यांस नाद होता. युद्ध संपताच त्यांनी 'चिसितालिया' ही संस्था काढली आणि फियाटचे अभियंता दांते जाकोसा ह्यांच्याकडून शर्यतीच्या एका लहानशा गाडीचा आराखडा करून घेतला. पाठोपाठ 1947 मध्ये त्यांची '202' ही दोन आसनी कूपे निघाली. तिचे अॅल्युमिनियमचे कवच पिनिन फारिना ह्यांच्या कारागिरांनी हाताने ठोकून घडविले होते आणि पोटातील इंजिन होते फियाट अकराशेचे, म्हणजे 1089 घनसेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला 75 मिलिमीटर. आपल्या पद्मिनीची मापेदेखील अगदी हीच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 मध्ये मोटारींचे प्रदर्शन भरविले, त्यात ही कूपे शिल्पासारखी मांडली होती. साध्या गाडीचे सामान, कुशल हात आणि एका कापडव्यापाऱ्याचे भांडवल एवढ्यांतून ती उभी राहिली.

परंतु व्यापाऱ्यांच्या सभेत गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. दूसिओ एवढ्यावर थांबले नाहीत. जगातील सर्वश्रेष्ठ शर्यतीसाठी अतिखर्चिक असे एक यंत्र त्यांनी पोर्शे मंडळींकडून तयार करविण्यास घेतले. त्या एका हौसेने संस्थेचे भांडवल खाऊन टाकले आणि दूसिओंस अर्जेंटिनाची वाट धरावी लागली. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण तुरीनलाही लागू पडते.

त्या पडझडीतून दुसरा एक मनुष्य उठला आणि त्याची कथा आम्हां व्यापाऱ्यांस अधिक बोधप्रद आहे. कार्ल ऊर्फ कार्लो आबार्थ हे 1908 मध्ये व्हिएन्नात जन्मले. मोटारसायकलच्या शर्यतींत त्यांनी नाव मिळविले होते, परंतु अपघाताने ते आयुष्य संपले. चिसितालियाच्या शर्यत विभागाचे काम ते पाहत असत. संस्था बुडू लागली तेव्हा, 1949 मध्ये, त्यांनी स्वतःची पेढी काढली आणि आपल्या वृश्चिक राशीवरून विंचू हे तिचे चिन्ह घेतले. शर्यतींवर पोट भरत नाही हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी सामान्य माणसाच्या फियाटसाठी सायलेन्सर आणि इंजिन सुधारण्याचे सुटे भाग विकावयास काढले. लहान फियाटसाठी लागणारे सारे भाग एका लाकडी पेटीत घालून ते देत, म्हणजे गिऱ्हाइकाने ती पेटी घरी न्यावी आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून भाग बसवून घ्यावेत. शर्यतीतील विजय ही त्यांची जाहिरात होती आणि पेटी हा त्यांचा धंदा होता. 1971 मध्ये ती पेढी फियाटने विकत घेतली.

आता माझ्या गाडीकडे वळतो. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात बनलेली आणि 2015 च्या ऑक्टोबरात बाजारात आलेली 'आबार्थ पुंतो' ही ती गाडी होय. तिला पाच दारे असल्यामुळे काटेकोर अर्थाने तिला कूपे म्हणता येणार नाही, परंतु तिचे अंतरंग स्पोर्ट्स गाडीचेच आहे. इंजिन केवळ 1368 घनसेंटिमीटरचे असून त्यातून 145 अश्वशक्ती निघते. पद्मिनीच्या इंजिनाशी तुलना केली तर आकार सव्वापट आणि ताकद तिपटीहून अधिक. हा चमत्कार टर्बोचा आहे.

ज्यांस ह्या यंत्राचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिनातून जळालेला वायू धुराच्या नळीने बाहेर जातो, तेव्हा त्यात उष्णता आणि वेग शिल्लक असतो. एरवी ही पुंजी वाया जाते. टर्बोमध्ये हा वायू एका लहान चक्राच्या पात्यांवर सोडतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. हवा अधिक म्हणजे इंधन अधिक आणि शक्तीही अधिक. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला मध्ये 'इंटरकूलर' नावाच्या जाळीतून थंड करून नेतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनी ह्या कल्पनेचे पेटंट 1905 मध्ये घेतले. हुबळी-धारवाड समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. साध्या इंजिनास ही तूट सोसावी लागते, टर्बो ती बव्हंशी भरून काढतो. वाया जाणाऱ्या वस्तूतून नफा काढणारे हे यंत्र पाहून कोणत्या व्यापाऱ्याचे मन प्रसन्न होणार नाही?

परंतु ह्या नफ्याची किंमत असते. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याच्या एका बाजूस तापून लाल झालेले लोखंड असते. तो तरंगतो तो केवळ तेलाच्या एका पातळ थरावर. तेल थांबले की दांडा क्षणात घासला जातो.

मी ही गाडी घेतली तेव्हा ती चालू नव्हती. फियाटने आपल्या गाड्यांचे भारतातील उत्पादन थांबविल्याला काही वर्षे लोटली होती, सुटे भाग दुर्मिळ झाले होते आणि म्हणूनच ती मला परवडली. 'टर्बो गेला आहे, नवा बसविला की झाले,' असे विकणाऱ्याने सांगितले. गाडी ओढून आणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. जुन्या हुबळीतील एक वृद्ध मिस्त्री वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरी येतात. आम्ही त्यांस चाचा म्हणतो. त्यांनी गाडीस प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "शेठ, हा कितवा टर्बो?"

मला प्रश्नाचा अर्थ कळला नाही. त्यांनी टर्बो उतरविला. त्यावरील खुणांवरून तो मूळचा नव्हे, आधी एकदा बदललेला आहे हे स्पष्ट दिसत होते. मग त्यांनी तेल आणणारी बारीक नळी काढून तिच्यातून फुंकर घालावयास सांगितले. पलीकडे काही जाईना. आतून ती जळालेल्या तेलाच्या काजळीने जवळजवळ बुजली होती. पहिला टर्बो गेला तेव्हा ती नळी कोणी बदलली नव्हती, म्हणून दुसराही तसाच गेला. "आजार नळीत आणि औषध टर्बोला," चाचा म्हणाले. व्यापारात तोटा आला की आपण गुमास्ता बदलतो, जाहिरात बदलतो, पण पैसा नेमका कोठे अडकला आहे ते पाहत नाही. मला त्या नळीकडे पाहून आमच्याच पेढीचे एक जुने वर्ष आठवले.

इंजिन बाहेर काढले. टर्बोच्या पात्यांचे तुकडे आत गेले असतील ह्या भीतीने हेड उघडले. दोन सिलिंडरांच्या भिंतींवर चरे होते. सिलिंडरांचे काम बेळगावच्या उद्यमबागेत करविले. मापे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत घेतली होती आणि ती लिहिलेला कागद मी अद्याप जपून ठेवला आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केटे जमविण्यास पाच महिने लागले. ह्या काळात मला कळले की मागणी अधिक आणि पुरवठा तुटपुंजा झाला की नकली माल किती वेगाने खऱ्या डब्यात शिरतो. एके ठिकाणाहून आलेले बेअरिंग छापील डब्यात होते, परंतु मापात उतरेना. ते परत केले. आपण जो माल विकतो तो घेणाऱ्याच्या घरी जाऊन काय करतो, हे घेणाऱ्याच्या जागी बसल्यावाचून कळत नाही.

एक चूक माझ्याच हातून होता होता राहिली. पद्मिनीच्या इंजिनात साखळीच्या चक्रांवरील खुणा जुळविल्या की काम होत असे. त्याच सवयीने मी टायमिंग बेल्टच्या चक्रांवर खडूने खुणा केल्या आणि नवा पट्टा चढवून बोल्ट आवळू लागलो. चाचांनी हात धरला. ह्या इंजिनात बोल्ट आवळताना चक्र दांड्यावर किंचित फिरू शकते, आणि व्हॉल्व्ह व पिस्टन ह्यांची गाठ पडली की सारे काम पाण्यात जाते. कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवणारी खास हत्यारे असतात, ती मागवावी लागली. "खडू जुन्या गाडीला चालला, शेठ. हिला खडू चालत नाही," एवढेच ते म्हणाले. पाऊण वर्षाची मेहनत माझ्या पाच मिनिटांच्या घाईने जाणार होती. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

पुढे खरा वाद उभा राहिला तो घरात. माझा पुतण्या येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. रविवारी तोही हात लावावयास येई, आणि विजेच्या तारांची सर्व जोडणी त्यानेच केली. त्याचे म्हणणे असे की इंजिन नवे झाले आहे, तर संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवावा, मोठा सायलेन्सर बसवावा, म्हणजे ताकद आणखी वाढेल. "काका, आबार्थसाहेबांनी हेच तर केलं ना? मग आपण का नाही करायचं?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर देण्यास मला आठवडा लागला. यंत्राच्या बाजूने पाहता दाब वाढविला की उष्णता वाढते. पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता पेटू लागते आणि पिस्टनच्या रिंगांमधील नाजूक कडा तुटतात. ते टाळावयाचे तर पिस्टन, क्लच, ब्रेक, इंटरकूलर सर्वच बदलावे लागते. कायद्याच्या बाजूने पाहता, निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास 1988 च्या मोटारवाहन कायद्याचे 52 वे कलम मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत हीच भूमिका दृढ केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार भाग बदलून असा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शर्यतीसाठीच बांधलेली गाडी कोईमतूर किंवा चेन्नईच्या शर्यतमार्गावर नियमांनुसार पळविणे ही गोष्ट वेगळी. आपली गाडी धारवाडच्या रस्त्यावर शाळेतील मुलांच्या शेजारून जाणार.

हे सर्व मी त्यास सांगितले. तो ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता. तेव्हा मला जाणवले की माझ्या 'नाही' मध्ये केवळ विवेक नव्हता, थोडा वडीलपणाचा तोराही होता. सोळा महिन्यांतील अर्धे काम त्याचे होते आणि निर्णय मात्र मी एकट्याने घेत होतो. म्हणून त्यालाच विचारले, "ही गाडी तुझ्या नावावर केली, आणि दहा वर्षांनी तू ती दुसऱ्यास विकलीस, तर केलेला प्रत्येक बदल त्याच्या तोंडावर सांगशील का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगावं लागेल. पण सांगितलं तर तो घेणार नाही."

तेथे वाद संपला. त्याने एक वही काढली आणि डावीकडे 'गाडीचे मूळ' व उजवीकडे 'आम्ही काय केले' अशा दोन बाजू आखल्या. इंजिनाचा दाब मूळचाच ठेवला. सुधारणा केली ती जेथे गाडी दुबळी झाली होती तेथे. नवी तेलनळी बसवून तिच्याभोवती उष्णतारोधक वेष्टण दिले. ब्रेकचे तेल व नळ्या बदलल्या आणि झिजलेले सर्व रबरी बुश नवे घातले. तेल किती अंतराने बदलावयाचे तो आकडा आम्ही पुस्तकातील आकड्यापेक्षा कमी धरला. प्रत्येक नोंदीखाली तारीख व भागाची पावती आहे. बेळगावचा तो मापांचा कागदही तिच्यातच चिकटविला आहे.

अमेरिकेत 1962 मध्ये टर्बोच्या दोन गाड्या प्रथमच सामान्य ग्राहकांस विकल्या गेल्या. त्यांपैकी ओल्ड्समोबिलच्या गाडीत पाणी व अल्कोहोल ह्यांच्या मिश्रणाची टाकी होती. पुष्कळ मालक ती भरण्यास विसरत. पुढे कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बोच काढून दिले. यंत्र वाईट नव्हते, परंतु ते कसे सांभाळावे हे घेणाऱ्याच्या अंगवळणी पडले नव्हते. आमच्या वहीचा उपयोग मला येथे दिसतो. ह्या गाडीचा पुढचा मालक कोणीही असो, तेलाची नळी कोठे आहे हे त्यास पहिल्या पानावर सापडेल.

गेल्या माघ महिन्यात एका सकाळी इंजिन प्रथम सुरू केले. त्याआधी ठिणगी बंद ठेवून ते स्टार्टरने फिरविले आणि तेलाचा दाब आल्याची खात्री करून घेतली. चाचांनी शेडच्या पत्र्यावर कान टेकला होता, त्यांच्या मते पत्रा आवाजातील खोट आधी सांगतो. काही क्षणांनी त्यांनी मान डोलावली आणि चहा मागितला.

त्यानंतर उणकल तलावाजवळून धारवाडपर्यंत आम्ही तिघे गेलो, गाडी पुतण्याने चालविली. नव्या इंजिनास पहिले काही दिवस जपावे लागते, म्हणून आम्ही ट्रकांच्या मागून हळूहळूच गेलो. एकदाही टर्बोची पूर्ण शक्ती वापरली नाही. धारवाडात पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता त्याने ते मिनिटभर सावकाश फिरू दिले, म्हणजे तापलेल्या दांड्यावरचे तेल जळून पुन्हा काजळी होऊ नये. मी काही सांगण्यापूर्वीच त्याने हे केले.

ह्या उद्योगात लागलेला पैसा जुनी चालू गाडी घेण्यास पुरला असता, हे मी जमाखर्चात प्रामाणिकपणे मांडले आहे. पत्नीने ते पान पाहिले आणि त्यावर काही भाष्य केले नाही, हा तिचा मोठेपणा. वालचंदशेठजींनी ज्या देशात टाचणीही परदेशाहून येई त्या देशात मोटार बनविण्याचे योजिले, त्यामागे मोठे राष्ट्रकार्य होते. आमचे कार्य एका शेडएवढे. तथापि जी वस्तू आपण वापरतो ती उघडून पाहावी, बिघाडाचे मूळ सापडेपर्यंत थांबू नये, आणि दुसऱ्याच्या हाती देताना तिच्यातील काही लपवू नये, इतके ह्या इटालियन गाडीने आम्हांस मराठीत शिकविले. ती वही सध्या दुकानात, वडिलांच्या खातेवह्यांच्या शेजारी ठेवली आहे. ज्या सभासदांस ती पाहण्याची इच्छा असेल त्यांनी दुपारच्या वेळी अवश्य यावे. चहा आमच्याकडे.